माझी अट कोणी कापली?

मी नियम क्रमांक एक्केचाळीस बोलतोय, आणि आधीच सांगून ठेवतो, रागात बोलतोय. शाळेच्या निबंधात फाटकी छत्री बोलते, गंजलेली सायकल बोलते, आणि शेवटी तुमच्याकडून दोन आसवांची अपेक्षा ठेवते. मला तुमची आसवं नकोत. माझं बोलणं शेवटपर्यंत ऐका, मधेच उठून जाऊ नका, एवढं केलंत तरी पुष्कळ.

नियम म्हणजे कसला, ते सांगतो. शाळेत तुम्ही 'सरळरूप द्या' अशी गणितं सोडवलीत ना? तेच माझं काम. माझ्या डावीकडे एक आकार लिहिलेला, उजवीकडे दुसरा. डावीकडचा आकार कुठे दिसला की तो पुसायचा आणि उजवीकडचा लिहायचा. माणूस प्रोग्राम लिहितो, कंपायलर तो यंत्राला कळेल अशा रूपात आणतो, आणि त्या वाटेवर आम्ही साडेतीनशे नियम दबा धरून बसलेलो असतो. एकाने बदललं की त्या बदललेल्यात दुसऱ्याला आपला आकार दिसतो, तो पुढे बदलतो. कोणालाच काही बदलण्यासारखं उरलं नाही की आमचं काम संपतं.

माझी डावी बाजू अशी: एखादी संख्या घ्या, तिला एका संख्येने भागा, आणि त्याच संख्येने परत गुणा. उजवी बाजू: मूळची संख्या. भागलं आणि गुणलं म्हणजे फुकटची हमाली, ती करायचीच कशाला, असा माझा साधा हिशेब होता.

मला मास्तरांनी जन्माला घातलं. ते आधी खरोखरच शाळेत गणित शिकवायचे, म्हणून कंपनीतही त्यांना सगळे मास्तरच म्हणत. कंपनी रुग्णालयांसाठी औषध देणारे पंप बनवते. पंपाच्या इवल्याशा डोक्याला झेपेल अशी एक छोटी भाषा आणि तिचा कंपायलर मास्तरांनी एकहाती उभा केला होता. तळमजल्यावरची त्यांची खोली अरुंद होती. खिडकीबाहेर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि दिवसभर हवा भरल्याचा आवाज यायचा. नवा नियम सुचला की मास्तर तो आधी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहायचे. मग ते पान कोणाच्या तरी हातात देऊन म्हणायचे, याला मोडणारा आकडा शोध. शोधणाऱ्याला मास्तर स्वतः चहा करून देत.

माझं पान ते घरी घेऊन गेले. बायको स्वयंपाकघरात बाजारातून आणलेली अंडी सहा-सहाच्या खोक्यांत भरून ठेवत होती. मास्तरांनी तिला मला वाचून दाखवलं आणि विचारलं, यात काही चूक दिसते का. तिने हातातलं काम न थांबवता उत्तर दिलं.

"अहो, वीस अंडी आहेत. सहाने भागली, तीन खोकी भरली. तीन खोकी म्हणजे अठरा. मग ही दोन काय खिशात घालून फिरणार आहात?"

मास्तर खुर्चीवर बसले आणि तिथेच त्यांनी माझ्या खाली एक ओळ लिहिली: भागाकारात बाकी शून्य येते हे सिद्ध झालं असेल तरच. पंपाच्या भाषेत सगळ्या संख्या पूर्णच असतात. भागाकारात बाकी उरली की ती सोडून दिली जाते, आणि मग परत गुणलं तरी मूळची संख्या हाती येत नाही. मला हे ठाऊक नव्हतं. ज्या बाईने आयुष्यात एक प्रोग्राम लिहिला नाही तिला ते ठाऊक होतं. त्या ओळीने मी पूर्ण झालो. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी घरी जाऊन बायकोला चहा करून दिला म्हणे.

त्या ओळीला आमच्यात अट म्हणतात. माझी डावी बाजू म्हणजे माझे डोळे, उजवी म्हणजे हात, आणि अट म्हणजे माझी अक्कल. अट तपासायची तर मला मागे मागे जाऊन बघावं लागे की ही संख्या आली कुठून, कोणी दिली, बाकी शून्य असल्याची खात्री आहे का. त्याला वेळ लागायचा. खात्री पटली नाही तर मी हात न लावता गप्प बसायचो. दहापैकी नऊ वेळा मी गप्पच बसायचो, आणि त्याचा मला अभिमान होता.

मास्तरांनी आणखी एक गोष्ट लावून दिली होती. आम्ही काहीही बदललं तरी बदललेल्या तुकड्याला एक माग चिकटलेला असे: हा तुकडा मूळच्या कोणत्या ओळीतून आला, वाटेत कोणकोणत्या नियमाने त्याला हात लावला. पुढे काही बिनसलं तर डीबगर, म्हणजे चूक हुडकणारा प्रोग्राम, तो माग धरून उलटा चालत जाई आणि नेमका जागेवर पोचे. मास्तर म्हणायचे, बदल करणाऱ्याने आपलं नाव टाकलंच पाहिजे.

मास्तर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी जे आले त्यांना सगळे घाईसाहेब म्हणू लागले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण यांना बघूनच सुचली असावी. त्यांनी वरच्या मजल्यावर जिन्यासमोर एक पांढरा फलक लावला. दर सोमवारी त्यावर नावं लागत: कोणाच्या बदलामुळे आठवड्यात काम किती सेकंदांनी वेगवान झालं. पहिल्या नावाखाली लाल रेघ. भली चाळिशी उलटलेली माणसं त्या रेघेसाठी एकमेकांना पाण्यात पाहायला लागली. चूक शोधणाऱ्याचं नाव त्या फलकावर कधीच लागलं नाही, कारण चूक शोधल्याने सेकंद वाचत नाहीत.

पण ज्यांनी फलक लावला त्यांचंच नाव सलग चार सोमवार त्यावर नव्हतं. एका दुपारी जेवण उरकून घाईसाहेब आले, दार लोटून घेतलं आणि आमची फाइल उघडली. त्यांनी मोजून बघितलं तर कंपायलरचा अर्धा वेळ अटी तपासण्यात जात होता. मग त्यांनी एक बटण दाबलं आणि माझी अट गेली.

मला वाटलं, चुकून झालं असेल, आता परत आणतील. त्यांनी कंपायलर चालवला. मास्तरांनी माझ्यासाठी 'वीस अंडी' नावाची चाचणी लिहून ठेवली होती. ती लगेच लाल झाली. तिने आपलं काम चोख केलं, ओरडून सांगितलं की अठरा यायला हवेत आणि वीस आलेत. घाईसाहेबांनी चाचणीचं नाव वाचलं, हसले, आणि शेजारी लिहिलं: जुनी चाचणी, आता लागू नाही. तिलाही बंद केलं. जाता जाता मागही बंद केला, कारण त्याचं ओझं होतं. सगळ्या कामाला नोंद दिली एका शब्दाची: साफसफाई.

सोमवारी लाल रेघ त्यांच्या नावाखाली आली. खोलीत टाळ्या वाजल्या. आणि मी? मी आता कधीच गप्प बसत नव्हतो. आकार दिसला की बदल, दिसला की बदल. विचार करायला मला जागाच ठेवली नव्हती. वेडा झालो होतो मी, आणि सगळे म्हणत होते की काय झपाट्याने काम करतो.

पंपाचा मुख्य प्रोग्राम ताईने लिहिला होता. ती कोणाची सख्खी ताई नव्हती, पण अडलेला प्रत्येक जण तिच्याच टेबलापाशी जायचा, म्हणून सगळ्यांची ताई. आईला घेऊन एकटीच राहायची. नऊ वर्षं औषधाच्याच यंत्रांवर काम केलेलं. तिची एक ओळ मला तोंडपाठ आहे. पंपाची मोटर एका झटक्याला चार थेंब सोडते, अर्धा झटका तिला देता येत नाही. म्हणून ताईने लिहिलं होतं: मागितलेले थेंब भागिले चार, गुणिले चार. अकरा थेंब मागितले तर भागाकार दोन, बाकी सोडली, गुणून आठ. दोन झटके, आठ थेंब. उरलेले तीन नर्सने हाताने द्यायचे, आणि ते पडद्यावर दिसायचे. ओळीशेजारी तिने टीपही लिहिली होती, की इथे बाकी मुद्दाम सोडली आहे.

टिपा आम्हाला दिसत नाहीत हो. मला दिसला फक्त आकार: भागिले चार, गुणिले चार. माझा आकार. मी तो पुसला आणि जागी लिहिलं, मागितलेले थेंब.

कित्येक महिने काही झालं नाही. डॉक्टर आठ मागायचे, बारा मागायचे, चारच्या पाढ्यातलं काहीतरी मागायचे. मग एका नव्या डॉक्टरने शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी अकरा लिहिले. रुग्ण एक निवृत्त बसचालक होता. मोटरला आठऐवजी अकरा ऐकू आलं. अकरा म्हणजे दोन झटक्यांहून जास्त, म्हणून तिने तिसरा दिला. बारा थेंब गेले. पडद्यावरची बाकी वेगळ्या ओळीतून यायची, तिला मी हात लावला नव्हता; पडद्याने नर्सला सांगितलं, तीन हाताने द्या. तिने दिले. अकराच्या जागी पंधरा. बसचालकाचा श्वास मंदावला, ओठ निळे पडायला लागले. नर्सने पंप थांबवला, डॉक्टरांना हाक मारली, आणि तेवढ्यातही नळीतलं उरलेलं औषध मोजून वहीत लिहून ठेवलं: मशीनने आठ द्यायला हवे होते, बारा दिले. चार दिवस तो माणूस अतिदक्षता विभागात होता. त्याची बायको बाहेरच्या बाकावर बसून होती. तो वाचला. त्या नर्समुळे वाचला, आमच्यापैकी कोणामुळे नाही.

नर्सची वही कंपनीत आली आणि डीबगर कामाला लागला. माग बंद होता, त्यामुळे बिचाऱ्याला वाट दिसेना. त्याने सर्वांत जवळची ओळ दाखवली. ती ताईची होती.

ताईने ती ओळ पायरी-पायरीने चालवून बघितली. आठ आले. परत चालवली, आठ. वीसदा चालवली, वीसदा आठ. कारण पायरी-पायरीने चालवायचं असलं की कंपायलर आम्हा सरळरूपवाल्यांना सुट्टी देतो, म्हणजे माणसाला आपला प्रोग्राम जसाच्या तसा बघता यावा. तिने मला शोधायला दिवा लावला की मी नेमका घरी नसायचो. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की ताई, मी इथे आहे, मला जागेवर असताना पकड. पण नियमाला ओरडता येत नाही.

घाईसाहेबांनी तिला काचेच्या खोलीत बोलावलं. तिचे वीस निकाल त्यांच्यासमोर होते. ते शांतपणे बोलले, आणि तो शांतपणा मला त्यांच्या घाईपेक्षाही खुपला.

"ताई, ओळ तुमची आहे. तेव्हा बारा आले, आता आठ येतायत. म्हणजे नंतर तुम्ही ती गुपचूप दुरुस्त केलीत, असंच कोणीही म्हणेल."

"सर, मी त्या ओळीला दोन वर्षांत हात लावलेला नाही."

"तसं लिहून द्या मग. शनिवारपर्यंत. पण रुग्णालयाला काय कळवायचं ते आम्हाला ठरवावं लागेल."

चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे ऐकून होतो, पण इथे चोरच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसला होता. नुसती चूक झाली असती तर ताईने मान खाली घालून ती कबूल केली असती. पण चूक करून लपवली, हा ठपका औषधाच्या यंत्रांवर काम करणाऱ्या माणसाला पुसता येत नाही. त्यानंतर तिला कोणी पंपाच्या जवळपासही फिरकू दिलं नसतं. घरी तिने आईला काही सांगितलं नाही. ताटावर बसून तिने दोन घास खाल्ले आणि उठली. हे तिनेच दुसऱ्या दिवशी मास्तरांना फोनवर सांगितलं, म्हणून मला कळलं.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, माग काय सांगतो. ती म्हणाली, माग बंद आहे.

"पोरी, तो चालू कर. आणि सगळे नियम जागेवर असताना चालव, पायरी-पायरीने नको. प्रत्येक नियमाने काय बदललं ते कागदावर काढ. डोळ्यांनी वाच, पट्टी धरून."

सत्तावन्न पानं निघाली. ताईने टेबलावरचं सगळं बाजूला सारलं आणि पट्टी ठेवून एकेक ओळ वाचत गेली. शेजारच्या टेबलावरचे लोक चहाला गेले, आले, परत गेले. अठराव्या पानावर पट्टी थांबली. तिथे लिहिलं होतं: नियम एक्केचाळीस लागला. आधी भागिले चार, गुणिले चार. नंतर काही नाही.

तिने माझी फाइल उघडली आणि मला पाहिलं. माझी लाज वाटली मला. इतर कितीतरी नियमांच्या खाली अटी होत्या, माझ्या खाली रिकामी जागा. तिने माझा जुना इतिहास काढला. त्यात मास्तरांची ओळ होती, बंद केलेली 'वीस अंडी' होती, त्या दुपारची तारीख होती, घाईसाहेबांचं नाव होतं आणि 'साफसफाई' होती. ती खाली वाचत गेली. त्या दुपारी अट गमावलेला मी एकटा नव्हतो. आम्ही बारा जण होतो.

शनिवारी ती काचेच्या खोलीत सत्तावन्न पानं घेऊन गेली. कंपनीचे मोठे साहेबही आले होते. तिने सगळं क्रमाने मांडलं. कोणावर आवाज चढवला नाही, कोणाचं नावही उच्चारलं नाही, फक्त इतिहासाचं पान टेबलाच्या मधोमध ठेवलं. मोठ्या साहेबांनी ते वाचलं, घाईसाहेबांकडे पाहिलं, आणि पान उपडं केलं. मग घाईसाहेब म्हणाले की ताईंचा काही दोष नाही हे तर स्पष्टच आहे, दोष नियमात आहे, फार जुना नियम आहे, तो आजच काढून टाकू.

दोष नियमात! वीस अंड्यांपासून जन्मलो मी. मला माझी मर्यादा शिकवूनच जगात पाठवलं होतं. ज्याने ती कापली तो म्हणतोय दोष नियमात, आणि चार माणसं माना डोलावतायत.

अहवाल तयारच होता. एका जुन्या नियमातील मूळ दोषामुळे घटना घडली, तो नियम काढून टाकला आहे, पंप आता सुरक्षित आहेत. खाली सहीची जागा, ताईची. तिने सही केली की ती मोकळी. तिचं नाव स्वच्छ, तिची नऊ वर्षं शाबूत, आईला काही सांगायची गरज नाही. मी मनात म्हणत होतो, कर बाई सही. मला काय, मी चार चिन्हांचा नियम. माझ्यासाठी तू कशाला मरतेस?

तिने अहवाल दोनदा वाचला. मग विचारलं की बाकीच्या अकरा नियमांच्या अटी परत कधी लावणार. घाईसाहेब म्हणाले, पुढच्या तिमाहीत बघू, अटी लावल्या तर वेग अर्ध्यावर येईल, आणि त्या अकरा नियमांबद्दल कोणाची तक्रारही नाही.

"तक्रार करायला माणूस शुद्धीवर असावा लागतो, सर. पंप सुरक्षित आहेत यावर मी सही करणार नाही."

तिने पेन टेबलावर ठेवलं आणि बाहेर गेली. तिला सोमवारपासून रजेवर पाठवलंय. कारण लिहिलंय, असहकार. तिच्या जागी दुसऱ्या कोणाची तरी सही घेतली. तिने रुग्णालयाला स्वतः पत्र पाठवलं. तिथून उत्तर आलं की कंपनीचा अहवाल मिळाला आहे, धन्यवाद. आता तिने सगळं आईला सांगितलंय. मास्तर तिच्या घरी गेले होते, त्यांनी अकराही नियमांना मोडणारे आकडे शोधून तिला लिहून दिलेत. ती ते घेऊन एकेका रुग्णालयाच्या दारात जातेय. तीन ठिकाणी तिला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं आणि परत पाठवलं.

मला त्या शनिवारीच काढून टाकलं. आता मी फक्त इतिहासात आहे, जिथे कोणी जाऊन बघत नाही. काम नाही, आकार दिसत नाही, कोणाचं काही बदलत नाही. त्याचं मला दुःख नाही. बसचालकाच्या नळीत गेलेले जास्तीचे थेंब माझ्या हातून गेले होते, अक्कल कोणी का कापलेली असेना. मला शिक्षा झाली, झाली.

पण तुम्हाला हे सांगायला मी का थांबलोय ते समजून घ्या. मला परत कामावर घ्या असं मी म्हणत नाही. घाईसाहेबांना शिक्षा करा असंही म्हणत नाही, जरी रागाने माझा जीव जळतोय. माझं म्हणणं एवढंच की ते बाकीचे अकरा जण अजून कामावर आहेत. बेचाळीस आहे, अठ्ठावन्न आहे, एकशे तीन आहे. त्यांचे डोळे उघडे आहेत, हात चालतायत आणि खाली अट नाही. आज, आत्ता, कुठल्यातरी खाटेशेजारी पंप सुरू आहे, आणि डॉक्टरने अजून त्यांचा आकडा मागितलेला नाही. ताई तुमच्या दारात आली तर तिला बाकावर बसवू नका, आत घ्या.